टबातला मागूर आणि कन्हानची रात्र

पत्र

दादा, मी नागपूरच्या नंदनवनात राहतो, वय ३८. इतवारीत इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे. गेल्या दोन वर्षांपासून शनिवारी रात्री साळ्यासोबत कन्हानवर, कधी वडगाव धरणावर गळ टाकायला जातो. आमचा सगळा जोर मिशीवाल्या माशांवर: टेंगरा, शिंगाळा, पढीन. साळ्याजवळ स्प्रिंगकाटा आहे. तो प्रत्येक मासा तोलतो आणि सकाळी घरच्या ग्रुपवर आकडा टाकतो. माझ्या नावापुढे बहुतेक शून्य, फार तर दोन-चार टेंगरे. आई म्हणते, एवढ्या पेट्रोलात मंगळवारी बाजारातून किलोभर मासळी आली असती. मिसेस काही बोलत नाही. मी रविवारी दुपारी एकला उठतो तेव्हा मुकाट्यानं ताट वाढते. मागच्या शनिवारी एकटाच गेलो. काहीच लागलं नाही, म्हणून सकाळी येताना बाजारातून टबातले दोन जिवंत मागूर घेतले आणि कन्हानचे म्हणून घरी दिले. मिळून अडीच किलो! सगळे खूश. साळ्यानं मात्र फोटोखाली नुसता एक हसरा चेहरा टाकला. तेव्हापासून मन खातंय. किती किलो आले म्हणजे रात्र यशस्वी म्हणायची, ते एकदा सांगून टाका. आणि नऊ वर्षांचा मुलगा सोबत येतो म्हणतो, न्यावं का?

– शून्यवाला, नंदनवन

उत्तर

शून्यवाले भाऊ,

आधी त्या हसऱ्या चेहऱ्याचं बघू. तुमच्या साळ्याला सगळं कळलंय. आपला देशी मागूर पाव किलोच्या आसपास भरतो, अर्धा किलोचा निघाला तर तो मोठा. सव्वा-सव्वा किलोचे दोन, तेही एकसारखे, तेही एकाच रात्री, असं कन्हान देत नाही. टबात वळवळणारे ते धष्टपुष्ट मासे बहुतेक आफ्रिकन मागूर असतात, बाजारात थाई मागूर म्हणून ओळखले जातात. डोकं रुंद आणि मोठं, अंगावर बऱ्याचदा संगमरवरासारखे करडे डाग. त्यांच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे आणि राष्ट्रीय हरित लवादानंही ती लावून धरली आहे. कारण हा मासा हावरट, जे समोर येईल ते खातो. तळ्यातून सुटून नदीत गेला की आपल्या माशांची पिल्लं फस्त करतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी त्याला कत्तलखान्याची घाण खाऊ घालतात. म्हणजे घरच्यांना तुम्ही जे कन्हानचं म्हणून खाऊ घातलं, ते कन्हानच्या वैऱ्याचं होतं.

मिसेसना खरं सांगून टाका. आज जेवताना सांगा, हसतहसत सांगा. त्यांना आधीच माहीत असण्याची शक्यता मला बरीच वाटते, कारण मासा साफ करताना पोटात काय निघतं ते साफ करणाऱ्यालाच दिसतं. नदीच्या मागुराच्या पोटात किडे, गोगलगायींचे तुकडे, बारीक झिंगे सापडतात.

आता किलोचं.

किलो हे माप कन्हानच्या काठावर आहेच, पण ते तुमचं नाही. ते आपल्या ढिवर आणि भोई लोकांचं आहे. जाळं टाकायचं, बर्फाचे पैसे द्यायचे, मच्छीमार संस्थेचा हिशेब चुकवायचा आणि सकाळी बाजारात भाव मिळेल त्या भावाला माल काढायचा. त्यांची रात्र किलोवरच मोजावी लागते, कारण किलोवर घर चालतं. तुमचं घर इतवारीतल्या दुकानावर चालतं. ज्याचा पोटाशी संबंध नाही त्यानं पोटाचं माप वापरलं की असंच होतं: नदीवरून येताना बाजारात थांबावं लागतं. आईंचं पेट्रोलाचं गणित अगदी बरोबर आहे बरं का. त्यावर वाद घालू नका, हरालच. फक्त ते गणित मासळी विकत घेण्याचं आहे, तुम्ही मासळी घ्यायला जात नाही.

मग मोजायचं काय? माझं मत विचाराल तर, मिशीवाल्या माशाच्या रात्रीचं यश सकाळी एका प्रश्नावर ठरतं: काल रात्री पाण्यात काय झालं, ते तुम्हाला सांगता येतं का? मासा कुठे होता, आमिषाला आला की नाही, आला असेल तर घेतलं का नाही, नसेल आला तर का नसावा. हे सांगता आलं तर रिकामी पिशवी घेऊन आलात तरी रात्र लागली. आणि चार किलोचा पढीन आणला पण तो का लागला याचा पत्ता नसेल, तर मी ती रात्र लागली असं म्हणणार नाही. ती लॉटरी. लॉटरी लागल्याचा आनंद करावा, त्यावर फुशारकी मारू नये.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, दादा शून्याची समजूत घालतात. नाही राजेहो. शून्याशून्यात फरक असतो, आणि तो फरक ओळखणं हीच या छंदातली अर्धी मजा आहे. जानेवारीच्या रात्री नागपुरात पारा दहाच्या खाली उतरतो, पाणी गार पडतं, मिशीवाले मासे सुस्त होऊन खोल जागी पडून राहतात. तेव्हाचं शून्य हे ऋतूचं शून्य, त्याची लाज कसली? मृगाचा पाऊस झालाय, पाणी थोडं गढूळ आणि चढतं आहे, हवा दमट, वारा पडलेला, आणि तरी काठीला बांधलेलं घुंगरू वाजलं नाही तर मात्र ते शून्य तुमचं. तिथे बसून विचार करायला हवा की चुकलं काय.

बहुतेक वेळा चुकते ती जागा. हा मासा रात्री डोळ्यांवर फार विसंबत नाही. त्याच्या मिशांवर, ओठांवर, एवढंच काय अंगावरही चव घेणाऱ्या कलिका असतात. तो पाण्यातला वास आणि चव धरून आमिषापर्यंत येतो. म्हणजे तुमचं आमिष किती चांगलं यापेक्षा त्याचा वास कुठे चाललाय हे महत्त्वाचं. नदीत तो धारेसोबत खाली जातो. म्हणून डोहाच्या मधोमध गळ फेकण्यापेक्षा डोहाच्या वरच्या तोंडाशी, जिथे उथळ धार खोल पाण्यात उतरते तिथे ठेवावा, म्हणजे वास सगळ्या डोहात पसरतो. धरणावर धार नसते, तिथे वारा बघायचा. वारा ज्या काठावर लाटा नेतो तो काठ धरायचा. वडगावला बरेच जण गाडी लावायला सोयीचा म्हणून एकच काठ धरतात. मासे गाडी बघून जागा निवडत नाहीत.

दुसरं म्हणजे आवाज. मिशीवाल्या माशांची हवेची पिशवी बारीक हाडांच्या साखळीनं कानाशी जोडलेली असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. गाडीचं दार आपटणं, दगडांवरून बूट घासत चालणं, काठावर स्पीकरवर गाणी. मग बारा वाजता म्हणायचं, आज मासेच नाहीत बे! मासे होते, तुमची मैफल ऐकून पलीकडे गेले.

उन्हाळ्याचं गणित आणखी वेगळं. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश ही बातमीसुद्धा राहत नाही. थांबलेल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि सगळ्यात कमी पहाटे, उजाडण्याच्या जरा आधी, कारण रात्रभर पाणवनस्पती आणि शेवाळंही तो वापरतच असतात. मागूर आणि शिंगी यांना फरक पडत नाही, ते वर येऊन हवा घेतात; शांत रात्री पाण्यावर ‘चुबुक’ असा आवाज येतो तो बऱ्याचदा त्यांचाच. शिंगाळ्याला आणि पढीनला मात्र ही सोय नाही. ते वाहत्या पाण्याकडे सरकतात. म्हणून मे महिन्यात डोहात रात्रभर बसून शून्य आणलं तर दोष पाण्याला देऊ नका, शंभर पावलं वर धारेवर जाऊन बघा. बघितलं आणि तिथे एक जरी ओढ आली तरी त्या रात्रीनं तुम्हाला काहीतरी दिलं.

ओढ ओळखायला शिका, यात खरा अभ्यास आहे. टेंगरा घुंगरू थरथरवतो, टर्रर्र टर्रर्र, थांबत नाही. खेकडा तंगूस, म्हणजे गळाची दोरी, हळूहळू बाजूला नेतो, घुंगरू कसंबसं एकदा वाजतं आणि वर काढलं की गळ स्वच्छ धुतल्यासारखा. शिंगाळा दोन-तीन ठोसे देतो, मग चालू लागतो. पढीन सहसा विचारत नाही: एक ओढ, आणि काठी नीट रोवली नसेल तर काठीसकट. त्याच्या तोंडात बारीक दातांची रांगच्या रांग असते, नुसता तंगूस घासून तुटतो, म्हणून गळाच्या वर वीतभर तार हवी. तार नव्हती आणि तुटला, तर तो ‘निसटला’ नाही, तुम्ही सोडला. पण तो पढीन होता हे तुटलेल्या टोकाच्या खरबरीतपणावरून ओळखलंत, तर माझ्या वहीत ती रात्र लागलेली. एखादं मऊ पाठीचं कासव आलं, तर जपून गळ काढा किंवा तंगूस जवळून कापा आणि सोडून द्या. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, फोटोच्या भानगडीतही पडू नका.

कोंबडीची कलेजी लावत असाल तर ती फेकतानाच सुटते, हे शून्याचं एक अगदी फालतू पण फार मोठं कारण आहे. शिवणाच्या दोऱ्याचे पाच-सहा फेरे मारून बांधा. गांडुळाला टेंगरे तुटून पडतात, ते नको असतील तर गांडूळ नेऊच नका. ठरवलेला मासा लागणं यालाही मी यश मानतो, कदाचित सगळ्यात जास्त. पढीनसाठी मोठा गळ, तार, जिवंत नाही तर ताजा बारीक मासा लावून बसलात आणि रात्रभरात एकच आला, दीड किलोचा, तर तो साळ्याच्या सहा किलो भेसळीपेक्षा वरचा.

साळ्याच्या किलोंबद्दलही थोडं बोलू द्या. आकडा कुठून येतो हे आकड्यात दिसत नाही. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला चढणीला लागतात, ओढ्यानाल्यांत, धानाच्या बांध्यांत घुसतात. तेव्हा हातानंसुद्धा पोतंभर निघतात. पोटात अंडी असलेली मादी तोलून आकडा टाकणं यात मला तरी पराक्रम दिसत नाही. मागूर आणि शिंगाळा यांच्यात तर नर अंड्या-पिल्लांची राखण करतो. तो गळाला लागला की त्याच्या मागे राहिलेलं सगळं दुसऱ्यांच्या तोंडी जातं. आषाढात निघालेली भरल्या पोटाची मादी पाण्यात परत सोडली, तर काट्यावर शून्य दिसेल, तरी ती रात्र चांगली म्हणा. पढीन आता जागतिक पातळीवर संकटग्रस्त माशांच्या यादीत आहे. कन्हानमध्ये रेती उपसून उपसून डोहांचे तळ बदलले, २०२२च्या पावसाळ्यात खसाळ्याचा वीजकेंद्राच्या राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख कोलार नदीतून कन्हानपर्यंत उतरली. अशा नदीत मोठा मासा उरलाय हेच पुष्कळ.

आणखी एक सोपा आकडा आहे तो शहराच्या सांडपाण्याचा. नाग नदी पुढे कन्हानला मिळते, त्या काळ्या पाण्यात मागूर भरपूर लागतो, कारण इतर मासे जिथे गुदमरतात तिथे तो हवा घेऊन जगतो. तिथे किलोच किलो आहेत. पण ते घरी नेऊन लेकरांना खाऊ घालायचे असतील तर तिथे जाऊच नका. तोतलाडोहच्या पाण्याचं नावही काढू नका, तो व्याघ्रप्रकल्प आहे. धरणांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. वडगावला बसण्याआधी संस्थेच्या माणसाला भेटा, गळ टाकायची परवानगी विचारा. त्यांच्याशी ओळख झाली की पाण्याबद्दल जे कळेल ते दहा व्हिडिओंत कळणार नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता-जाता लिहिलंय. रविवारी दुपारी एकला उठतो, मिसेस मुकाट्यानं ताट वाढते. भाऊ, त्यांना किलोशी काही घेणं नाही हो. आठवड्यातला एक सुट्टीचा दिवस तुम्ही झोपेत घालवता आणि त्या एकट्या घर सांभाळतात. तुम्ही अडीच किलो मागूर आणून त्यांच्यासमोर ठेवला, म्हणजे आधीच अर्धा गेलेल्या रविवारी त्यांना मासे साफ करायचं काम लावलं. वरून सावजी मसाला वाटायचा तो वेगळाच.

तुम्हाला रात्रभर बसायला सांगितलं कोणी? मिशीवाल्या माशांचा चांगला वेळ अंधार पडताना सुरू होतो आणि अकरा-साडेअकरापर्यंत जोरात असतो. मग पहाटे परत थोडी हालचाल. मधले तास बहुतेक वेळा काठावर डुलक्या आणि मच्छर. संध्याकाळी पाचला निघा, उजेडात जागा बघा, पाण्याची खोली शिसं टाकून मोजा, साडेसहाला गळ पाण्यात, अकराला गुंडाळा, बाराला घरी. रविवारी सकाळी आठला उठून तुम्हीच तर्री-पोहे घेऊन या. हे महिनाभर करून बघा. तुमचं शून्य तेवढंच राहील किंवा कमी होईल, वाढणार नाही.

एक वही ठेवा. तारीख, पाणी चढतं की उतरतं, वारा कुठून, किती वाजता कोणती ओढ, आमिष कोणतं. वजनाचा रकाना नको. साळ्यालाही दाखवा, तो हसेल, मग दोन-तीन महिन्यांनी विचारेल की मागच्या आषाढात पढीन कोणत्या तोंडाशी ओढला होता रे.

एकटं जाणं बंद करा, हे मात्र सल्ला म्हणून नाही, बजावून सांगतो. पावसाळ्यात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की कन्हान रात्रीत चढते आणि तुमच्यावर आकाश कोरडं असतं. पाण्याच्या कडेला एक काडी रोवा, दर अर्ध्या तासाला टॉर्च मारून बघा. काडी बुडाली की सामान उचला, काठीला पढीन असला तरी. शिंगीचा काटा लागला तर बर्फ लावू नका. त्या काट्यात विष असतं, ते उष्णतेनं मंदावतं. सहन होईल एवढ्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा. भाजून घेऊ नका, पाणी आधी दुसऱ्या हातानं बघा. थर्मासमध्ये चहासोबत साधं गरम पाणीही न्या. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, सूज चढली, श्वासाला त्रास झाला किंवा काटा आत तुटला तर सरळ दवाखाना. टेंगराही काटे ताठ करून अडकवतो, त्याला बाजूच्या काट्यांच्या मागून धरायचं.

मुलाला न्या. पण पावसाळाभर नाही, आणि मोठ्या डोहावर तर नाहीच. दिवाळीनंतर, थंडी कडक पडायच्या आधी, वडगावच्या उथळ काठावर, लाइफ जॅकेट घालून, हातभर अंतरावर. त्याला गांडूळ लावलेली साधी काठी द्या, टेंगरे लागतील, त्याला तेवढे खूप. मासा गळातून काढायचं काम तुमचं. नऊला परत फिरा, झोप आली म्हणाला तर आठला. आणि सुरुवातीच्या दोन-चार खेपांना साळ्याला सांगा, काटा घरी ठेव.